हात वापरत नसल्याची सही

रुग्णालयातल्या आमच्या विभागाची नोंदवही मी तयार केली. मानेतला मणका दुखावला की हात-पाय लुळे पडतात. अशा रुग्णांच्या हातातला एखादा चालू स्नायू डॉक्टर अंगठ्याला जोडत, मग चिमटीत वस्तू धरता येई. शहर चहूकडे वाढत होतं, नव्या इमारतींवरून माणसं पडत होती, माझी यादी लांबत होती. शेवटचा रकाना होता, ‘घरी हात वापरतो : होय/नाही’. ‘नाही’ असेल तर दुसऱ्या हाताच्या शस्त्रक्रियेच्या यादीतून नाव कमी. नियम डॉक्टरांचा, रकाना मी आखलेला. आता त्याची किळस येते. तेव्हा नेटका वाटला होता.

देवगाव रंगारीचा एक सेंट्रिंग कामगार होता, एका हाताची शस्त्रक्रिया झालेला. फोनवर त्याची बायको म्हणाली, “नाय वापरत.” नाव कमी करायला रुग्णाची सही नाहीतर अंगठा लागे, म्हणून मी बसने गेले. दुष्काळाचं दुसरं वर्ष. खोलीत लघवीचा असा भपकारा, की दारातच पदर नाकाला लावला. खाटेला अडकवलेली पिशवी ठिबकत होती. त्याचे ओठ फुटलेले होते.

मी शाईचं पॅड उघडलं.

“पॅड राहू द्या ताई, पेन द्या.”

त्याने पेन चिमटीत धरलं आणि ‘मी हात वापरत नाही’ या ओळीखाली सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

“अहो, येतंय की तुम्हाला!”

“येतंय. पण घरात सह्या कोण मागतंय?” त्याने फळीवरच्या तांब्याकडे मान वळवली. “पाणी तिकडं, बंदोबस्तात.”

बायको दारातून म्हणाली, “ठेवणारच. पिलं की पिशवी भरती, गोधडी भिजती. टँकर आठ दिवसाला. धुवू कशानं, मॅडम? तुम्ही येता का धुवायला?”

“मीच म्हणालो हिला, वर ठेव,” तो म्हणाला. “दुसरा हात झाला तर पिशवी माझी मी रिकामी करीन. मंग पिईन पोटभर.”

परत येऊन कागद डॉक्टरांपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी सही उजेडात धरली.

“वा, काय अक्षर आहे! ‘होय’ करा. यशस्वी रुग्णांत घ्या. आणि सहीचा फोटो काढून ठेवा, पुढच्या परिषदेत दाखवू.”

पाण्याबद्दल एक अक्षर नाही. तरी ‘नाही’ खोडून ‘होय’ लिहिलं, बाजूला सही केली. त्याला हात हवा होता.

शस्त्रक्रियेची तारीख कळवायला फोन केला, तेव्हा बायकोने आधी विचारलं, “तिथं पाणी असतंय ना, मॅडम?”

“असतं.”

“मंग लवकर नका सोडू त्यांना. पिऊ द्या जरा.”

मुक्कामाच्या रकान्यात चार दिवस होते. मी आठ केले.