टॅक्सपायी सही

त्या म्हाताऱ्याचं नाव मले माहीत नाही. कळंबच्या तहसीलीसमोर लिंबाखाली टेबल मांडून तो लोकाचे कागद लिहून देते, एवढंच. नवरा जाऊन दोन महिने झालते, त्याच्या नावानं दोन एकर वावर होतं, अन् भासरे, म्हंजे नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणे, तुह्या नावानं वावर चढलं तर सरकार टॅक्स लावते, मंग वावरच जाईन, तू सासूच्या नावानं हक्कसोड करून दे. मी भेली अन् पोरीले कडेवर घेऊन त्याइच्या मागं गेली.

म्हातारा लिहिताना ओठ हलवे, ओळ संपली का चष्मा पुसे. कागद झाला तसा मी पेन मांगला, तर त्यानं तो खिशात ठेवला. ज्याची सही त्यानंच आधी मोठ्यानं वाचावं, अशी त्याची रीत.

"वाच माय."

"मी सातवीच शिकली, बाबाजी."

"मले काही घाई नाही."

बोट ठेवत ठेवत मी वाचत गेली अन् 'माझा हक्क कायमचा सोडून देत आहे' इथं बोट ठेवून भासऱ्याइकडं पाह्यलं.

"टॅक्स वाचवाले करून राह्यलो न," भासरे म्हणाले.

"वारसाच्या नोंदीले टॅक्स लागत नाही भाऊ," म्हातारा म्हणाला. "अन् टॅक्स वाचवाले नेहमी बाईचीच सही काहून लागते?"

मी सही केली नाही. भासरे गाडी घेऊन एकटेच निघून गेले. म्हातारा दुसऱ्याचा कागद लिहाले लागला. मी पोरीले घेऊन एसटीत बसली, जायचं तर भासऱ्याइच्याच घरी होतं.