आजार: निरंक

आदल्या वर्षीच्या सहलीत मुलांच्या आरोग्याच्या कागदांवर कुणीतरी चिवडा खाल्ला होता. म्हणून यंदा मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, सगळी माहिती वर्गशिक्षिकेच्या मोबाइलमध्ये, पासवर्ड लावून. वर्गशिक्षिका मी. पालकांनी भरून दिलेलं सगळं मी निमूटपणे मोबाइलमध्ये चढवलं.

ताडोबाच्या गेटवर मोबाइल जमा करावे लागतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माहिती मोबाइलमध्ये आहे, हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकत्र मांडून पाहायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मोबाइल लॉकरमध्ये गेला आणि आमची माहिती एकदम सुरक्षित झाली.

पहाटेची थंडी, उघडी गाडी. वाघ दिसायच्या आत सातवीतली एक मुलगी गुडघे पोटाशी धरून कण्हायला लागली. तिच्या मैत्रिणीनं पिशवीतून शाल काढली, थर्मासमधलं गरम पाणी दिलं आणि तिचे पाय चोळायला बसली. हे सगळं ठरल्यासारखं. मी गाडी माघारी वळवायला लावली. पोरं वाघासाठी हळहळली.

गेटवर मोबाइल घेतला, पासवर्ड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा तिचं पान उघडलं. आजार: निरंक.

"तिले सिकलसेल हाये, मॅडम," मैत्रीण म्हणाली. "थंडी लागली का हाडं दुखते तिचे. आमाले सबनले मालूम हाये."

"मग मला काऊन नाही सांगितलं?"

"मांगच्या साली एका पोट्ट्याच्या घरच्यायनं फिट येते मनून लिवलं, तं त्याले सहलीले नेलंच नाई ना. मनून हिच्या मायनं नाई लिवलं."

जीप करून तिला दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं, दुपारपर्यंत कळ उतरली. मुख्याध्यापकांचा फोन आला: ताबडतोब नोंद करा. मी मोबाइल उघडलेला तिनं पाहिला.

"लिवता का, मॅडम?"

"लिहावंच लागेल गं. उद्या मी सोबत नसले तर डॉक्टरांना कसं कळणार?"

"मंग पुढच्या साली मले नाई नेनार."

रडली नाही. उद्या रविवार आहे म्हणावं तसं म्हणाली. मला असा संताप आला, मुख्याध्यापकांचा, त्या पासवर्डचा आणि गेल्या वर्षी फिट येणाऱ्या पोराला घरी ठेवलं तेव्हा मान डोलावणाऱ्या स्वतःचाही. मी लिहिलं: सिकलसेल. शाल, गरम पाणी, गोळ्या सोबत ठेवणे. प्रत्येक सहलीला येणार.

तिला वाचायला दिलं. तिनं ते दोनदा वाचलं.

"खाली सही करा."

"मोबाइलमध्ये सही होत नाही."

थोडा विचार करून तिनं सलाइन नसलेला हात पुढे केला. "मंग इथी करा."

पर्समधून पेन काढला आणि तिच्या तळहातावर मी पूर्ण नावानिशी सही केली.