फौजदार नोएलचं मरण

मिग्दालियाने आपल्या थर्मासमधली कॉफी दुसऱ्या कुणाला पाजली, असं त्या सिगारच्या कारखान्यात आजवर घडलं नव्हतं. सख्खी बहीण घसा कोरडा पडून समोर बसली असती, तरी ती बाई झाकण घट्ट लावून "आज कडूच झालीय गं" म्हणाली असती. त्या सोमवारी मात्र सोराइदा आपल्या बाकावर टेकते न टेकते तोच कपभर कॉफी तिच्यापुढे आली, तीही साखरेची.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही गेलं. पी गुमान, थंड होईल."

सोराइदाने मान वळवून दालनभर पाहिलं. एरवी सोमवारी सकाळी इथे बाजार भरायचा. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर 'मिठाचं बंदर' ही खून-तपासाची मालिका लागायची आणि सोमवारी पिनार देल रिओ गावातला जो तो पोलीस व्हायचा. खुनी कोण हे सगळ्या गावाला कळलं, मग त्या कॅप्टन केसादाच्याच डोक्यात उजेड का पडत नाही, यावर माणसं हमरीतुमरीवर यायची. आज मात्र सगळ्यांची डोकी तंबाखूच्या पानांत खुपसलेली. अळीमिळी गुपचिळी.

सोराइदाने कालचा भाग पाहिला नव्हता. तिच्या गल्लीतले दिवे ऐन मालिकेच्या वेळी गेले ते थेट झोपायच्या वेळेला आले. आणि भाग हुकला याचं तिला वाईट वाटत होतं, कारण त्या मालिकेतला फौजदार नोएल म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा योस्वानी.

योस्वानीचा बाप पोर रांगायला लागायच्या आधीच पसार झाला होता. सोराइदाने सिगार वळून पोराला वाढवलं, हवानाला नाटक शिकायला पाठवलं. मालिकेत त्याला आधी नुसतं केसादाच्या मागे कागद घेऊन उभं राहायचं काम होतं. पण पोरगं हसायचं असं काही, की बायाबापड्यांना ते आवडून गेलं आणि कागद धरणारा फौजदार झाला. तेव्हापासून गावात सोराइदाला तिच्या नावाने कुणी हाक मारीना. ती झाली 'फौजदाराची आई'. नोएलने लाच घेतल्याचा संशय आला त्या आठवड्यात रेशन दुकानदार तिच्याशी धड बोलला नाही. "पोराला वळण लावायचं होतंस गं," एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी नोएल निर्दोष ठरला आणि सोमवारी त्याच माणसाने तिला पाटीतला चांगला फुगलेला पाव शोधून दिला. असल्या वेड्या लोकांच्या गावात आपला मुलगा फौजदार असावा, याचं सोराइदाला भारी कौतुक होतं. वरवर ती चिडायची, एवढंच.

उन्हाळ्यात योस्वानी नाटकाच्या दौऱ्यावर मेक्सिकोला गेला. "वर्ष संपायच्या आत येतो. डुक्कर तयार ठेव, म्हातारे," असं सांगून गेला. वर्षाच्या शेवटच्या रात्री घरोघरी डुक्कर भाजायची तिथली रीत. तिने दुसऱ्याच दिवशी एक पिल्लू आणून परसात बांधलं. ते सगळीकडे नाक खुपसतं म्हणून शेजाऱ्यांनी त्याचं नाव केसादा ठेवलं. योस्वानी दर सोमवारी संध्याकाळी फोन करायचा आणि आधी एकच विचारायचा, "काय गं म्हातारे, काल कसा झालो?" ती म्हणायची, "बरा झालास. पण मान खाली घालून बोलतोस. चोर तू की तो?" निघण्याआधी त्याने बरंच काम पुरं करून ठेवलं होतं, त्यामुळे तो तिकडे आणि फौजदार इकडे असं इतके दिवस बिनबोभाट चाललं होतं.

एवेलिओ मास्तर चौथऱ्यावर चढला. तो कारखान्याचा वाचक. तो सकाळी वर्तमानपत्र वाचतो, दुपारी कादंबरी, आणि खालची माणसं ऐकत ऐकत सिगार वळतात. वाचलेलं आवडलं की सगळे हातातली चपटी सुरी, ती चावेता, लाकडी पाटावर ठोकतात. पटलं नाही की ती खाली फरशीवर टाकतात, पण तशी वेळ मास्तरवर क्वचितच आली होती. दिवे जाऊ लागल्यापासून सोमवारचा आणखी एक रिवाज पडला होता. वर्तमानपत्र संपलं की मास्तर कालचा भाग तोंडी सांगायचा, नकला करून, दारं वाजवून. ज्यांनी भाग पाहिलेला असे तेसुद्धा म्हणत, टीव्हीपेक्षा मास्तर बरा.

त्या दिवशी वर्तमानपत्र संपलं. मास्तरने हवामान पुन्हा एकदा वाचलं. मग ऊसतोडणीची बातमी पुन्हा एकदा वाचली. मग चष्मा पुसला आणि सरळ कादंबरी उघडली.

"मास्तर," सोराइदा म्हणाली, "आमच्याकडे दिवे नव्हते."

"दुपारी सांगतो, सोराइदा."

"दुपारी कशाला? आत्ता सांगा. मुलगा माझा आहे."

मिग्दालियाने तिचा दंड धरला. "अगं, जाऊ दे. भिकार होता कालचा भाग. माझा तर डोळा लागला बघताना."

"तुझा? खुन्याचं नाव कळेपर्यंत लघवीला उठत नाहीस तू."

कुणी हसलं नाही. आणि तेव्हा सोराइदाला मागच्या वर्षीची गोष्ट आठवली.

मालिकेत प्रेतं तपासणारी एक डॉक्टर होती. ते काम करणारी नटी एक दिवस विमानात बसून परदेशी गेली ती गेलीच, आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरीण ट्रकखाली आली. मास्तर तो भाग सांगत होता, माणसं हळहळत होती आणि सोराइदा मध्येच ओरडली होती, "रडता काय? इथे मेली म्हणजे तिकडे सुखरूप पोचली! आपल्याकडे तिकीट काढलं की लेखक खड्डा खणतो!" सगळं दालन पाट ठोकून ठोकून हसलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते वाक्य गावात फिरत होतं. त्या नटीलाही कुठेतरी आई असेल, हे तेव्हा तिच्या मनात आलं नव्हतं.

"सांगा, मास्तर," ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी हळू.

मास्तरने सांगितलं. नकला केल्या नाहीत, दार वाजवलं नाही. केसादा नोएलला गोदीवर पाठवतो. नोएल जाताना दिसत नाही, नुसतं कळतं की गेला. मग गोळीचा आवाज. मग पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी पडलेलं, आणि चादरीबाहेर एक बूट.

"तोंड दाखवलं नाही!" मिग्दालिया ताडकन उठली. "अख्ख्या भागात एकदाही तोंड दाखवलं नाही. म्हणजे मेला नाही तो!"

"बरोबर आहे," कोपऱ्यातला म्हातारा क्रिसांतो म्हणाला. "बूट काय, कुणाचाही असेल. माझाही असेल. तो वेष पालटून गेलाय. पुढच्या वर्षी बघा, दाढी लावून येतो की नाही."

मग सगळेच बोलू लागले. डाव्या पायाचा बूट होता. नोएल लंगडला होता त्या भागात तर उजवा पाय होता. केसादा रडला पण त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणजे त्याला आतली गोष्ट ठाऊक आहे. माणसं हिरिरीने भांडत होती, आणि तिरक्या नजरेने सोराइदाकडे बघत होती. त्यांचा बिचाऱ्यांचा जीव तुटत होता. पटत मात्र त्यांनाही नव्हतं.

"आणि त्याची आई?" सोराइदाने विचारलं. "मालिकेतली. तिचं काय दाखवलं?"

मास्तरने हातातली कादंबरी मिटली. "कॅप्टन स्वतः जातो तिच्या घरी. टोपी काढतो, आणि सांगतो."

"बरं केलं," सोराइदा म्हणाली. "तिला सांगायला कुणीतरी गेलं."

तिने पान पुढ्यात ओढलं आणि सिगार वळायला घेतली. हात आपोआप चालत होते. दौऱ्यावर गेलेल्या माणसाला कुणी मारत नाही. त्याला ताप आणतात, त्याची सांतियागोला बदली करतात, आणि तो येईपर्यंत थांबतात. ठार मारतात ते न येणाऱ्याला. म्हणजे योस्वानीने टीव्हीवाल्यांना कळवलं होतं. लेखकाला कळवलं होतं, त्या बुटात पाय घालून झोपलेल्या परक्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. फक्त आईला ठाऊक नव्हतं. मुलं जातात. तिच्या गल्लीत आता कुलपंच जास्त आहेत. पोरगा गेला याचं दुःख ती कधी ना कधी गिळणारच होती. पण आपल्याला सगळ्यांच्या शेवटी कळावं, तेही भर दालनात, मास्तरच्या तोंडून, हे तिला फार लागलं.

संध्याकाळी ती डुकराला मलांग्याच्या कंदांची सालं घालत होती तेव्हा फोन वाजला.

"काय गं म्हातारे, बरी आहेस?"

"आहे. केसादा अंग धरतोय. उचलायला आता दोन माणसं लागतील."

तो हसला. काल कसा झालो, हे आज त्याने विचारलं नाही. मागे कुठेतरी भांड्यांचा खणखणाट चालला होता आणि कुणीतरी कांदे कुठे आहेत म्हणून ओरडत होतं. नाटकवाल्यांकडे एवढे कांदे कशाला, असं तिच्या मनात आलं.

"कालचा भाग बघितलास?" शेवटी त्याने विचारलं.

तिला म्हणता आलं असतं, बघितला नाही पण ऐकला. म्हणता आलं असतं, चादरीखालचा तू नव्हतास एवढं तरी देवाने बरं केलं. तिने तसं काही म्हटलं नाही. तिने त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं.

"इथे दिवे गेले होते रे. काय झालं त्यात? तूच सांग."

फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. लहानपणी काहीतरी फोडून दाराआड उभा राहायचा तेव्हा असाच श्वास घ्यायचा. सांग रे बाबा, ती मनात म्हणत होती. मी रागवणार नाही, फक्त तू सांग.

"काही विशेष नाही, आई. नेहमीचंच," तो म्हणाला. "तू काही चुकवलं नाहीस."

"बरं."

"आणि डिसेंबरात..."

"हो, हो. डिसेंबरात." तिने घाईघाईने त्याचं वाक्य तोडलं. आणखी एक खोटं त्याच्या तोंडून तिला ऐकवलं नसतं. "जेवत जा वेळेवर. कांदे चिरताना बोटं सांभाळ."

मग तिनेच फोन ठेवला आणि परसात पालथ्या पाटीवर बसून ती रडली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? सालं संपवून डुक्कर तिच्या पायाशी येऊन हुंगत राहिलं.

मंगळवारी सकाळी मास्तरने वर्तमानपत्र उघडलं, पण त्याला वाचू देतंय कोण. मिग्दालिया अर्धी उठूनच बसली होती.

"आला होता ना फोन? काय म्हणाला? नोएल मेला की नाही, हे त्याला तर ठाऊकच असणार!"

सगळे हात थांबले. क्रिसांतोने कानामागे तळहात धरला. या माणसांना अजून वर्षभर त्या डाव्या बुटावर जगता आलं असतं, आणि तिनेही त्यांच्याबरोबर मान डोलावली असती तर ती आशा मालिकेबरोबर तिच्या घरातही आली असती, रविवारामागून रविवार. सोराइदाने क्षणभर तोही विचार केला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "धडधाकट आहे, कुठल्याशा खानावळीत कांदे चिरतोय. पण परत यायचा नाही तो. मला सांगायचं त्याच्याच्याने झालं नाही, म्हणून मीच तुम्हाला सांगते." मग थोडं थांबून म्हणाली, "वर्षाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही सगळे या घरी. एवढं डुक्कर मला एकटीला संपायचं नाही."

मिग्दालिया खाली बसली. मग कोपऱ्यात फरशीवर काहीतरी पडलं. क्रिसांतोने आपली चावेता खाली टाकली होती. त्याच्या शेजारणीने तिची टाकली, पुढच्या ओळीतल्या दोघांनी टाकल्या, मिग्दालियाने तर आपटलीच, आणि मग फरशीवर लोखंड पडल्याचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मास्तर चौथऱ्यावर वर्तमानपत्र मिटून उभा होता.

सगळ्यात शेवटी सोराइदाने आपली टाकली.