तात्यांचा दावा आणि माझी नोटीस

माझ्यासारख्याने लिहायला बसावे हा मलाच थोडा आगाऊपणा वाटतो, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. कागदावर अंगठा उठवायचा आणि उरलेली शाई धोतराला पुसायची, एवढाच आमचा लेखनाशी संबंध. मी पुण्याच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, पण अजूनही वर्गात शंका विचारायची झाली तर हात अर्ध्यावर नेऊन परत खाली घेतो. तरी हे लिहितो आहे, कारण या प्रकरणातला सगळ्यात मोठा घोटाळा माझ्याच लेखणीने केला, आणि तो दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेला बरा.

माझे वडील सोलापुरात गिरणीत लागले. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे तात्या, कुंभारीला मेंढरांपाशीच राहिले. दिवाळी झाली की तात्या आणि काकू मेंढरे घेऊन भीमेच्या काठाने निघत. तिकडच्या काळ्या रानांचे मालक आपल्या शेतात मेंढरे बसवून घेत. खत मालकाला मिळे, धान्य तात्यांना. चार दिवस या रानात, चार दिवस त्या रानात, असे करीत उन्हाळ्यात माघारी. चालणे हाच आमचा पिढीजात धंदा.

माझे कॉलेजचे पहिले वर्ष संपले त्या उन्हाळ्यात तात्या अक्कलकोटच्या रस्त्यावर, कुंभारीच्या जरा अलीकडे, मेंढरे पलीकडे नेत होते. तेवढ्यात सोलापूरकडून रस्त्याच्या कामाचे एक कंत्राटदार फटफटीवर आले. आमच्या बाजूला तेव्हा फटफटीचा आवाज आला की पोरे, कुत्री आणि म्हातारी माणसे सगळी बघायला धावत. मेंढरांचे उलटे. ती एकमेकांच्या पोटाखाली तोंडे खुपसून रस्त्याच्या मधोमध गच्च उभी राहत. तात्या दोन्ही हात हलवत पुढे झाले. फटफटी काही थांबली नाही. तात्यांच्या डाव्या पायाची नडगी मोडली. कंत्राटदार धुळीत पडले, त्यांचे कोपर खरचटले.

पुढे काय झाले ते बघणाऱ्या तिघाचौघांनी सारखेच सांगितले. मोडका पाय घेऊन पडल्या पडल्या तात्या म्हणाले, "चुकलं मालक!" मग काकूंना हाक मारली, "आगं, घोंगडं टाक पावण्याला. दूध दे वाटीभर." कंत्राटदार घोंगडीवर बसले, दूध प्याले, फटफटीचे चाक फिरवून पाहिले आणि निघून गेले. तात्यांना बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेले.

पाय जुळला, पण आखूड जुळला आणि गुडघा वाकेना. अंगणात फिरण्यापुरता तो बरा होता, मेंढरांमागे फिरण्यापुरता नव्हता. येत्या दिवाळीला काकूंच्या भावाने मेंढरे न्यायची असे ठरले. पण त्याने तेव्हाच सांगून टाकले, "दाजी, ह्या सालचं निभावतो. पुढच्या दिवाळीला तुमी उठला न्हाई, तर ही मेंढरं माज्यात मिसळणार. दोन कळप मला सांभाळायचं न्हाईत." मिसळणार म्हणजे कायमची. एकदा त्याची खूण पाठीवर उमटली की ती मेंढरे तात्यांची राहिली नसती. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मला एक तट्टू पायजे. त्यावर बसून मी मेंढरामागं जाईन. पाय ज्यानं मोडला त्यानं तट्टू द्यावं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कॉलेजात संस्कृत घेतले आहे. पण आमच्या माणसांच्या लेखी कॉलेज ते कॉलेज. तिथून बाहेर पडणाऱ्याला औषधही देता यावे, कायदाही सांगता यावा आणि जमल्यास पाऊसही पाडता यावा. मी म्हटले, "काकू, हे वकिलाचं काम आहे."

"एवढी बुकं वाचतोस, आन एक कागुद लिवता येईना व्हय रं?" काकू म्हणाल्या. "मग तितं पुण्यात बसून करतोस काय?"

मी नोटीस लिहायला बसलो. दोन दिवस लिहिली. कंत्राटदारांचा वेग, मेंढरांची जागा, पायाची स्थिती, सगळे क्रमाने मांडले. मग मला वाटले, आमची बाजू सज्जनांची आहे हे वाचणाऱ्याच्या मनावर ठसले पाहिजे. म्हणून शेवटी लिहिले, "अपघात होताच माझे चुलते आपणांस नम्रपणे 'चुकलं मालक' असे म्हणाले, यावरून त्यांचा स्वभाव आपल्या ध्यानी यावा." हे वाक्य मला फार आवडले. तेवढ्यासाठी मी सगळी नोटीस पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात उतरवली आणि रजिस्टर टपालाने धाडली. पोचपावती आली तेव्हा काकूंनी ती देव्हाऱ्यात ठेवली.

उत्तर काही आले नाही. तेव्हा वडिलांनी गिरणीतल्या ओळखीने एक वकील गाठले. त्यांनी नोटिशीची नक्कल वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"काय शिकतोस बाबा?"

"संस्कृत."

"तरीच. नाटकातला नायक असाच बोलतो आणि मग शेवटच्या अंकापर्यंत रडत बसतो. अरे, हा तुझ्या चुलत्याचा कबुलीजबाब तू स्वतःच्या हाताने लिहून, वर तिकीट लावून, शत्रूच्या घरी पोचवलास!"

काकू दाराशी बसल्या होत्या. त्यांना कबुलीजबाब हा शब्द कळला नाही, पण शत्रू कळला. वाटेत त्यांनी मला फक्त एवढेच विचारले, "म्हंजी आता दवाखान्याचं पैसं आपुन त्या कंत्राटदाराला द्यायचं काय रं?"

दावा दाखल करतानाही अडचण आली. वकील म्हणाले, कोर्ट तट्टू देत नाही, पैसे देते.

"पैशावर बसून मेंढरामागं जाता येतंय का?" तात्यांनी विचारले.

"पैसे मिळाले की त्यांतून तट्टू घ्या."

"मग सरळ तट्टूच लिवा की सायेब. मधी पैसा कशाला?"

वकीलसाहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि पैसेच लिहिले.

तात्यांची जबानी व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. काकूंच्या भावाने मेंढरे परत आणून दिली होती आणि येताना आठवणही करून दिली होती की आता एकच दिवाळी राहिली. परीक्षा देऊन मी आलो आणि तात्यांना हाताला धरून कोर्टात नेले. तात्यांनी नवा पटका बांधला होता. पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले.

कंत्राटदारांच्या वकिलांनी माझी नोटीस बाहेर काढली. माझे आवडते वाक्य त्यांनी सावकाश, आवाज चढवून वाचले. एवढ्या भरल्या जागी माझे लेखन प्रथमच वाचले जात होते. मला जमीन दुभंगावी असे वाटले.

"हे शब्द तुम्ही बोललात?"

"व्हय," तात्या म्हणाले.

"चुकलं, असं म्हणालात?"

"व्हय की."

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारले, "तुमचं चुकलं काय होतं?"

तात्यांनी खरोखर विचार केला. "ते तवा अजून ठरलं न्हवतं, सायेब."

लोक हसले. जज्जसाहेब हसले नाहीत. "मग म्हणालात कशाला?"

"सायेब, आमी जलमभर दुसऱ्याच्या रानात ऱ्हातो. एक मेंढरू बांधाच्या पल्याड गेलं तरी मालक काठी घेऊन येतो. म्हणून आदी चुकलं म्हणायचं, आन मग काय झालंय ते बगायचं. आमच्यात समदीच म्हणतात. हितं भायेर शिपाई हाय, त्याला म्हटलं. ह्या काळ्या कोटवाल्या सायबांना म्हटलं. तुमास्नी बी आत आल्या आल्या म्हटलं, पर तुमी खाली बगून लिवत हुता."

"मला? माझं काय केलंत तुम्ही?"

"काय न्हाई अजून."

आता मात्र जज्जसाहेब हसले आणि हसू आवरायला त्यांनी रुमाल तोंडाला लावला. दारातला शिपाई न विचारताच मान हलवून म्हणाला, "म्हटलं खरं, साहेब." त्याला गप्प बसवण्यात आले. नंतर आमच्या वकिलांनी कंत्राटदारांना उभे केले आणि एकच गोष्ट विचारली: हा मनुष्य चुकलं म्हणाला, तुम्हाला घोंगडी टाकली, दूध दिले, त्यावर तुम्ही काय म्हणालात? कंत्राटदार वाईट मनुष्य नव्हते. ते हळूच म्हणाले, "साखर आहे का, असं विचारलं."

बाहेर आल्यावर वकील माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्या नोटिशीनं आपण बुडालो होतो. आता बघू." त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. काकूंचे मात्र ठरलेले होते. गावात जो भेटेल त्याला त्या सांगत, "आमच्या पोरानं कालिजात शिकून चुलत्यालाच आरोपी केलं बगा. बरं झालं, चुलता शिकलेला न्हवता."

निकाल लागायच्या आत माझी सुट्टी संपली. मी पुण्याला आलो. पावसाळा गेला, नवरात्र गेले. मी रोज टपालवाल्याची वाट पाहत असे आणि तो दिसला की उगाच पुस्तकात डोके घालत असे. दिवाळीच्या सुट्टीत पैशांअभावी मला घरी जाता आले नाही. दिवाळीचे दिवस तसेच कोरडे गेले. आता बहुधा मेंढरांवर दुसरी खूण उमटली असेल असे धरून मी चाललो होतो.

मग एक कार्ड आले. अक्षर कुंभारीच्या मास्तरांचे होते. वरच्या दोन ओळींत त्यांनी 'अनेक आशीर्वाद' वगैरे शुद्ध भाषा चालवली होती. तिसऱ्या ओळीपासून त्यांनी हात टेकलेले दिसत होते, कारण पुढे काकू जशा बोलल्या तसेच उतरवलेले होते.

"निकाल लागला. सायेब म्हणालं, चूक त्या फटफटीवाल्या मालकाची हाय, पर थोडी मेंढरांची बी हाय. म्हणून मागितल्यातलं निम्मं दिलं. निम्म्यात चांगलं तट्टू येत न्हाई. बाजारात एक म्हातारी घोडी मिळाली ती घेतली. लई गरीब हाय, पर चालताना मधीच उबी ऱ्हाती आन इचार करती. माज्या भावाला मेंढरं दिली न्हाईत. तो रुसून गेला. तुजे तात्या काल सकाळी घोडीवर बसून मेंढरं घेऊन भीमेकडं गेले. मी हे कार्ड लिवून घ्यायला मागं ऱ्हायले. आता निगते. दुपारपातूर त्यास्नी गाठीन."