भाकर बांधून बघायचा पिक्चर

पिक्चर चांगला की वाईट, हे आता चांदण्या मोजून ठरवतात. नात मोबाइल नाकापुढं धरते आणि सांगते, "आजी, याला लोकांनी चार चांदण्या दिल्यात." कोण लोक? कुठले? त्यांनी कधी भर उन्हात डोक्यावर खडीचं टोपलं वाहून, संध्याकाळी तीन कोस चालत जाऊन तंबूत पिक्चर बघितलाय का? मला त्या चांदण्यांचं काही सांगू नका. आमच्या गावात पिक्चरचा निकाल देणारी एकच बाई होती, पुतळाबाई ओव्हाळ. तिच्या शब्दावर गावातल्या बायका घराबाहेर पडायच्या.

गावाचं नाव सांगत नाही. ढोकी आणि येडशीच्या मधलं आहे एवढं पुरे. ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांची मुलं-नातवंडं अजून तिथंच आहेत आणि मला या वयात कुणाचं उंबरठ्यावर येऊन बोलणं ऐकायचं नाही. मी अंबाजोगाईला बी.ए. झाले आणि या गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले. शाळेच्या मागंच बौद्धवाडा आणि पुढं वरली वस्ती. पुतळाबाईचं घर त्या दोन्हींच्या सांध्यावर होतं. नवरा लवकर गेला, दोन एकर कोरडवाहू मागं ठेवून. बाई ठेंगणी, आवाज मात्र पार मारुतीच्या पारापर्यंत जाईल असा.

तिची मोजायची पद्धत साधी होती. पिक्चर फार चांगला असला की म्हणायची, "भाकर बांधा." म्हणजे लांब असला, रात्र झाली, सासूनं तोंड वाजवलं तरी जावा. बरा असला तर, "च्या पिऊन जावा." आणि टाकाऊ असला तर, "घरीच बसा, ढेकणं मारा."

कारणंही द्यायची. नागाच्या पिक्चरबद्दल म्हणाली, "नाग तेवढा खरा हाय, माणसं समदी खोटी. पोरांला न्या, तुमी भाईर शेंगा खावा." दुष्काळावरचा एक पिक्चर आला होता, त्याचं शहरात फार कौतुक झालं होतं. मीही केलं. ती म्हणाली, "बाई, हिरोइनीच्या घागरीत थेंब न्हाय, पण केस तर नुकतंच न्हाल्यालं! अन् त्यो घोडा बघितला का? कसला तुकतुकीत! त्येचा चारा कुठनं येतो तेवढं इचारून सांगा, आपल्या जनावरास्नी आणू."

कुठं बघायचा, हेही ती सांगायची. येडशीचा तंबू टेसनाजवळ, ऐन रडायच्या वक्ताला मालगाडी येते, म्हणून तिथं मारामारीचा बघावा. ढोकीला कारखान्याचा हंगाम असला तरच तंबू, आणि तिथं ऊसतोडीच्या बाया मोकळेपणी हसतात, म्हणून हसायचा तिथं. बार्शीला थेटरात खुर्च्या, पंखे, सगळं खरं. "पण खुर्चीत बसून रडू येत न्हाय बगा. रडायचा तंबूतच बघावा. डोळ्यात धूळ गेली म्हणाय येतं."

तंबू नागप्पाचा. तो आळंदकडचा, बोलणं निम्मं कानडी. त्याचं मशिन जुनं, रीळ दर खेळाला तुटायचंच. तुटलं की लोक शिट्ट्या मारत, तो रीळ चिकटवी आणि अंधारात ओरडे, "सुरू माडू का?" म्हणजे करू का. मग सगळ्यांनी हात वर करायचे. मशिनच्या उजेडात ते हात येत आणि पडद्यावर शेकडो काळे पंजे नाचत. पोरं त्या सावल्यांची हरणं, कुत्री करत. लोकांना पिक्चरइतकीच त्याची हौस होती. हात वर गेले नाहीत तर नागप्पा सुरूच करायचा नाही, असली त्याची मिजास. ही रीत नीट ध्यानात ठेवा.

आता आबाराव. गावच्या पाणी-सोसायटीचे चेअरमन. नाल्यावर सोसायटीची मोठी विहीर होती, तिच्यावर इंजिन. आबारावांना सख्खी बहीण नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई, केशरबाई, अंथरुणाला खिळली तेव्हा घरची माणसं नाक मुरडत होती आणि पुतळाबाई तिचं सगळं करत होती. तेव्हापासून ते तिला आक्का म्हणत आणि दर नारळी पुनवेला राखी बांधून घेत. ओट्यावर. आत नाही. आणि आक्काचा कप वेगळा, वळचणीला पालथा घातलेला. मला ते खटकायचं आणि मी तिला तसं तोंडावर म्हटलं.

ती म्हणाली, "बाई, हात फुडं करतो न्हवं? तेवढं बास."

शहाऐंशीचा उन्हाळा फार वाईट गेला. वरल्या वस्तीचे दोन्ही आड तळाला गेले. आमच्या बायका पहाटेपासून नाल्यात झिरे उकरत. सोसायटीच्या विहिरीला मात्र पाणी होतं. आदल्या वर्षीच ठरलं होतं की त्या विहिरीवरून वरल्या वस्तीला आणि बौद्धवाड्याला पाइप टाकायचा. पाइप येऊन शाळेच्या भिंतीला लागले होते, पोरं त्यात तोंड घालून ओरडत. काम तेवढं सुरू होत नव्हतं.

होईल कसं? आबारावांचा नवा ऊस खाली मळ्यात उभा होता. पाणी तिकडं वळवायचं तर जुना ठराव फिरवायला हवा, आणि त्याला सभासदांची सभा भरायला हवी. सभा पूर्वी कागदावर भरायच्या. या खेपेला मात्र वरून साहेब बसणार होता आणि माणसं खरोखरची दाखवावी लागणार होती. गंमत अशी की निम्मे सभासद बायका होत्या. सीलिंगच्या कायद्यात जमिनी जातील या भीतीनं लोकांनी त्या बायकांच्या नावावर केल्या, तसे सोसायटीचे शेअरही. कितीतरी बायकांना आपण सभासद आहोत याचा पत्ताच नव्हता. वरल्या वस्तीतल्या, बौद्धवाड्यातल्या थोड्या बायका मात्र स्वतःच्या हक्कानं सभासद होत्या. पुतळाबाई त्यातली.

हे सगळं मला नंतर उमगलं. तेव्हा एवढंच दिसलं की आबाराव पहिल्यांदाच पुतळाबाईच्या दारात आले. उभ्या उभ्या नाही, चांगले बाजेवर बसले.

"आक्का, लोकं कावल्यात पाण्यापायी. जरा इरंगुळा करावा म्हणतो. नागप्पाला बोलावलंय. सोसायटीचं गोदाम रिकामंच पडलंय, कवाडं लावली की भर दुपारी अंधार. बायकांसाठी फुकट पिक्चर. वार्षिक सभा बी त्याच दिवशी उरकून टाकू, तेवढाच च्या-पाण्याचा खर्च वाचतो."

"पिक्चर कंचा?"

"ते तुमीच ठरवा की. नागप्पाकडं पेट्या हायत. तुमी म्हणाल त्यो."

बाई खुलली. ढोकीला जाऊन नागप्पाच्या तंबूत दोन पिक्चर बघून आली. त्यातला एक निवडला, बहीण-भावाचा. मला येऊन म्हणाली, "मधल्या सुट्टीपातुर नुसता धिंगाणा हाय, पण फुडं, बाई, फुडं बघाच! भाऊ भैनीच्या दारात येतो ती जागा. दगडाला पाझर फुटंल." मग घरोघर निरोप गेला, "भाकर बांधा."

मी त्या दिवशी पेपर तपासायला उस्मानाबादला होते. जे घडलं ते मला पुतळाबाईनं सांगितलं आणि वरल्या वस्तीच्या द्वारकाबाईनंही. तोवर दोघींचं बोलणं बंद झालं होतं, तरी सांगणं एकच निघालं.

गोदाम गच्च भरलं. खताच्या वासानं डोळे चुरचुरत होते. गड्यांची बसायची जागा मशिनच्या मागं, बायका पडद्याकडं. साहेब खुर्चीत. पहिला भाग झाला, आणि ती बहीण दिवा लावून भावाची वाट बघत उभी राहिली न राहिली तोच पडदा कोरा झाला. रीळ तुटलं नव्हतं, मशिन थांबवलं होतं. सेक्रेटरी उठला आणि भोंग्यावर काहीतरी वाचू लागला. "विषय क्रमांक", "सदरहू", "फेरविचार", "लाभक्षेत्र", असलं. भोंगा किंकाळ्या फोडत होता, पोरं रडत होती.

द्वारकाबाईनं विचारलं, "काय म्हणतोय गं ह्यो?"

"सभेचं हाय. सपंल आता," पुतळाबाई म्हणाली. "फुडला भाग बघ तू. खरा पिक्चर तितंच हाय."

वाचन संपलं.  आबारावांनी नागप्पाकडं बघून मान हलवली. नागप्पानं मशिनचा दिवा लावला, पडद्यावर नुसता उजेड पडला, आणि नेहमीसारखा ओरडला, "सुरू माडू का?"

पहिला हात पुतळाबाईचा. तिला पुढचा भाग ठाऊक होता ना! तिचा हात बघून सगळ्यांचे वर गेले. बांगड्या वाजल्या, पडद्यावर पंजेच पंजे. पोरांनी हरणं केली. साहेबानं बघितलं, सेक्रेटरीनं लिहिलं, सर्वानुमते मंजूर. आणि पिक्चर सुरू झाला. बायका पोटभर रडल्या. बांधलेल्या भाकरी तिथंच बसून खाल्ल्या आणि जाताना पुतळाबाईला म्हणाल्या, "पुतळे, तुझ्या शब्दाला तोड न्हाय."

चार दिवसांनी शाळेच्या भिंतीचे पाइप बैलगाडीत भरायला माणसं आली. मला वाटलं, चला, काम लागलं. गाड्या वर वळायच्या त्या खाली मळ्याकडं वळल्या. पुतळाबाई झिऱ्यावरून येत होती. घागर माझ्या दारात टेकवून तशीच निघाली. मी मागोमाग.

आबाराव ओट्यावर होते. उठून उभे राहिले, नमस्कार केला. हे असले नमस्कार मला कळतात.

"पायप तिकडं का चालल्यात?" तिनं विचारलं.

"ठराव झाला न्हवं, आक्का."

"कवा?"

"सभेत. साहेबाच्या म्होरं. समद्यांनी हात वर केलं."

"ते पिक्चरसाठी केलं!"

आबाराव हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. नजर मात्र ओट्याच्या खांबावर ठेवली. "ठराव वाचला, मग हात वर झालं. पयला हात तुमचाच व्हता, आक्का. साहेबानं बी बघितलं. आता म्या एकट्यानं फिरवायचा म्हणलं तर..."

मी मधे पडले. म्हटलं, "आबाराव, हे सरळ फसवणं आहे. मी वर अर्ज करीन."

"करा की बाई. तुमी शिकल्याल्या. पण तुमी सभासद न्हाय."

अर्ज केला. दोनदा केला. उत्तर आलं की सभा रीतसर झाली आहे. ते जाऊ द्या.

 त्या दिवशी पुतळाबाईनं ओट्याच्या वळचणीचा आपला कप काढला. मला वाटलं फोडते. नाही. पदरात घेतला आणि घरी आणला. "माझा हाय," एवढंच म्हणाली.

खरा मार पुढंच होता. संध्याकाळी द्वारकाबाई वरल्या वस्तीतल्या बायकांना घेऊन तिच्या दारात आली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पुतळे, भाकर तू बांधाय लावलीस. आता पाण्यावाचून गिळायची कशी?"

"द्वारके, मला न्हवतं गं ठावं."

"तुला न्हवतं ठावं? तुझ्या भावाचं तुला न्हवतं ठावं? किती घेतलंस गं?"

शेजारची एक पोक्त बाई "असं बोलू नको" म्हणाली, पण हळू.  मी ओरडले द्वारकाबाईवर, चांगलं फडाफडा बोलले. ती मला म्हणाली, "बाई, तुमच्या घरी रांजण हाय," आणि गेली. खोटं नव्हतं ते. शाळेला टँकर मिळायचा.

त्या नारळी पुनवेला आबाराव ओट्यावर हात पुढं करून बसले होते, असं त्यांचा गडी सांगत होता. पुतळाबाई खुरपायला गेली होती. ते बरंच झालं.

पाऊस झाला, आड भरले. लोक पाणी विसरले पण ती भाकर विसरले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात नागप्पाचा तंबू आमच्याच गावाबाहेर लागला. तो तिच्याकडं येऊन रडला, म्हणाला, "मला आबारावांनी नुसती आत्ता विचार म्हणून खूण केली, मला काय ठाऊक!" ती म्हणाली, "तुझं काय चुकलं रे. तू रोजच इचारतो." मी हट्टानं तिला पहिल्या खेळाला नेलं. म्हटलं, बाई, पिक्चरनं काय घोडं मारलंय? ती आली. बसली. हसायच्या जागी हसलीही.

रीळ तुटलं. शिट्ट्या. अंधारातून नागप्पा ओरडला, "सुरू माडू का?" आणि हात वर गेले, द्वारकाबाईचाही, आमच्या पुढच्याच रांगेत. माझाही गेला, सवयीनं.

पुतळाबाईनं माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं. जोरात. बांगडी रुतली.

"खाली घ्या, बाई. आधी इचारा, काय सुरू करायचं हाय."

एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. द्वारकाबाईचा हात तसाच हवेत राहिला, मग हळूच खाली आला. बाकीचे हात पुष्कळ होते, पिक्चर सुरू झाला.

खेळ सुटल्यावर बायका घोळक्यानं आमच्या पुढून गेल्या. उद्या दुसऱ्या गावच्या पावण्या यायच्या होत्या, त्यांना हा पिक्चर दाखवावा का, अशी त्यांची आपापसात चर्चा चालली होती. पुतळाबाई त्यांच्या मागून दोन हात अंतरावर चालत होती. तिला कुणी विचारलं नाही.