माझा अजगर दुधावर जगला नाही

धुळ्याच्या देवपुरात माझ्याविषयी तीन हकिकती फिरतात आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिली अशी, की पत्नी गेल्यावर माझे डोके फिरले आणि मी साप पाळला. दुसरी अशी, की तो साप उपाशी मेला आणि मी गुपचूप दुसरा आणून ठेवला. तिसरी माझी थोरली बहीण सांगते. मरायला टेकलेला तो साप तिने पाजलेल्या दुधाने वाचला, असे तिचे म्हणणे. ही तिसरी हकिकत धुळ्यापासून अमळनेरपर्यंत पोचली आहे. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसे मला थांबवून विचारतात, "नाना, दूध पिणारा तो तुमचाच ना?"

मी चौतीस वर्षे वजनमापे तपासण्याचे काम केले. खोट्या तराजूवर शिक्का मारला नाही. खोट्या हकिकतीवरही मारणार नाही.

पहिलीचा निकाल लवकर लागतो. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. ती असती तर साप उंबरठ्याच्या आत आला नसता आणि बहुधा मीही आलो नसतो. तिची जागा भरण्यासाठी तो आणला, असे म्हणणाऱ्यांनी तिला पाहिलेले नाही.

वरच्या खोलीत अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी भाड्याने राहत होती. तिच्याकडे बॉल पायथन जातीचा अजगर होता. हा आपल्या रानातला साप नव्हे. आपला साप घरात ठेवणे गुन्हा आहे आणि ते मला सांगण्याची कुणाला गरज नाही. हा परदेशी, नोंदणीचा, आणि पुढे ती नोंदणी माझ्या नावावर झाली तो कागद माझ्या कपाटात आहे. शेवटच्या परीक्षेच्या चार महिन्यांत मुलीने तो एका मैत्रिणीकडे ठेवला होता. मैत्रिणीने काय केले देव जाणे. परत आला तेव्हा त्याच्या पाठीचा कणा कातडीखाली दोरीसारखा वर आलेला, दोन्ही बाजू खोल गेलेल्या, अंग उतरत्या छपरासारखे तिकोनी झालेले. मुलीला बंगळुरात नोकरी लागली होती आणि तिथल्या वसतिगृहात साप चालणार नव्हता. ती जिन्यात बसून रडत होती. शेजारचे किराणा दुकानदार शेठ आणि मी तिथे उभे होतो.

"आजोबा, कोणी घेतला तरी हा जगेल का?" तिने विचारले.

"मी घेतो. जगेल," मी म्हणालो.

शेठ हसले. "नाना, तुमच्या हातून तुळस जगली नाही."

शेठसमोर दिलेला शब्द होता. पुढे जे घडले ते त्या शब्दापायी.

वजन घेतल्याशिवाय मी कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. शेठकडून दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. काय मोजायचे ते कळल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "साप? नाना, त्यावर मी साबुदाणा मोजतो! उपासाचा!" मी काटा धुऊन देण्याचे कबूल केले आणि त्यांच्या वडिलांच्या तराजूत पूर्वी सापडलेल्या फरकाची आठवण मुळीच काढली नाही. अजगर भरला चारशे बारा ग्रॅम. त्या वयाला तो याच्या जवळजवळ दुप्पट हवा होता.

कापडी पिशवीत अजगर, पिशवी झाकणाच्या डब्यात, डबा मांडीवर, असा मी बसने जळगावला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. कंडक्टरने विचारले, "आबा, डब्यात काय?" मी म्हणालो, "अशक्त आहे, हलवू नका." हे खरेच होते. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिले, खवल्यांखाली गोचिडी शोधल्या. आजार नव्हता, उपासमार होती. त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितले: ऊब द्या, अंधार द्या, आठ दिवस हात लावू नका. मग वीस ग्रॅमच्या आतला एकच उंदीर. रिकाम्या पोटाला मोठा घास पेलत नाही.

आता जे लिहितो ते देवपुरात कुणीही सांगत नाही, कारण कुणाला माहीत नाही. मी यातले एकही पाळले नाही.

मे महिना होता. धुळ्यात दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला आपण कूलरसमोर बसवतो, हा आमच्याकडचा साधा शिष्टाचार. मी अजगराची पेटी बैठकीत कूलरच्या थेट झोतात ठेवली. ज्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, त्याला मी वाळ्याचे गार वारे घालत राहिलो. आणि दुसरा शिष्टाचार आग्रहाचा. खानदेशात पंगतीला बसलेला माणूस पानावर हात आडवा धरतो आणि वाढणारा त्या हातावरूनच पुरणपोळी सोडतो. भुकेल्याला वीस ग्रॅम? मला ते कंजूषपणाचे वाटले. नाशिकहून बर्फात घालून आलेल्या उंदरांतला सर्वांत मोठा मी निवडला. सत्तर ग्रॅमचा. कोमट पाण्यात गरम करून लांब चिमट्याने पुढे धरला आणि अजगराने तो घेतला. त्याने तीन वेटोळी घातली आणि मग सावकाश जबडा पसरला. मी उभा राहून पाहत होतो. शेठला खिडकीतून हाक मारून सांगितले, "जेवला!"

दुसऱ्या दिवशी त्याला उचलून काट्यावर ठेवले. तिसऱ्या दिवशीही. वाढलेला आकडा पाहण्याचा मोह मला आवरला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पेटीत तो उंदीर अर्धवट कुजून बाहेर पडलेला होता आणि घरभर अशी दुर्गंधी सुटली होती, की दूधवाला फाटकातूनच परतला. अजगर कोपऱ्यात लांब पसरला होता. निरोगी साप वेटोळे करून बसतो, हे मला तोवर कळले होते. वजन तीनशे एकोणऐंशी.

डॉक्टर फोनवर रागावले नाहीत, त्याचे मला अधिक लागले. ते म्हणाले, "उलटीबरोबर पोटातले सगळे जाते. आता पंधरा दिवस फक्त पाणी. अजून एकदा उलटी झाली तर वाचणार नाही."

पंधरा दिवस मी पाणी बदलत राहिलो; पेटी मात्र कूलरसमोरच होती. त्यानंतर लहान उंदीर दिला, त्याने तोंड फिरवले. चार दिवसांनी पुन्हा दिला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो मागे सरकला आणि त्याने डोके पाण्याच्या वाटीमागे लपवले. मी तर रोज झाकण उघडून पाही, रोज उचली, रोज तोली. तीनशे अडुसष्ट. डॉक्टरांनी सांगितले, की आणखी पंधरा दिवसांत खाल्ले नाही तर नाशिकच्या एका अनुभवी पाळणाऱ्याकडे पाठवू; प्रवास सोसेल की नाही, सांगता येत नाही. शेठ येता-जाता विचारत, "नाना, तुळस कशी आहे?"

अशा वेळी जूनच्या शेवटी अमळनेरकडच्या खेड्यातून माझी थोरली बहीण अक्का आली. मृग कोरडाच गेला होता आणि तिच्या घरी उकाड्याने झोप लागत नव्हती. धुळ्यात भावाकडे कूलर आहे, हे तिच्या येण्याचे खरे कारण. बैठकीत पाऊल टाकताच तिला पेटी दिसली.

"तू बह्याड व्हयना का रे भाऊ?" म्हणजे मला वेड लागले का.

मी शास्त्र समजावू लागलो. तिने पिशवी खाली ठेवलीच नाही. "एक ते मी ऱ्हासू घरमा, नहीते तो ऱ्हाई."

बहिणीला दारातून परत पाठवणारा भाऊ खानदेशात अजून जन्मायचा आहे. मी पेटी उचलून आतल्या कोठीच्या खोलीत नेली. तिथे खिडकी नाही. धान्याच्या कोठ्या आणि पिण्याच्या पाण्याचा माठ आहे. जाळीच्या झाकणातूनही साप दिसू नये म्हणून अक्काने लांबूनच पेटीवर जाड गोधडी फेकली, दाराला कुलूप घातले आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

मी किल्ली मागितली. ती म्हणाली, "नही. दिनभर तुन्हा हात त्याना आंगवर. पाहुनाले निजू बी देत नही तू."

दिवसातून एकदा, ती दाराशी काठी घेऊन उभी असताना, मला पाणी बदलायला मिळे. उचलण्याची परवानगी नव्हती. चार दिवस त्याचे वजन झाले नाही. मी घरात कैद्यासारखा फिरत होतो आणि शेठचा काटा स्वयंपाकघरात रिकामा पडला होता.

पाचवा दिवस सोमवार होता. मी पेन्शनच्या कामाला कचेरीत गेलो असताना अक्काने दार उघडले. तिची भीती खरी होती आणि भक्तीही खरी होती. तिने डोळे घट्ट मिटले, गोधडीचा कोपरा काठीने बाजूला सारला आणि जाळीवरून पळीपळीने पावशेर दूध ओतले.

मी परतलो तेव्हा तिने विजयी मुद्रेने सांगितले, "पिदं त्यानी." म्हणजे तो प्यायला.

मी झाकण उघडले. पाण्याची वाटी काठोकाठ भरलेली, पाणी नितळ. दूध सगळे खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात मुरलेले आणि अजगराच्या पाठीवर साय. मी त्याला ओल्या फडक्याने पुसले, कागद बदलला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की तो घट्ट वेटोळे करून बसला आहे. अंगाला किंचित ऊब होती. भिंतीला लावलेला तापमापक एकतीस अंश दाखवत होता, आणि माठाच्या ओलीने खोलीतली हवा कोरडी नव्हती. डॉक्टरांनी दीड महिन्यापूर्वी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या खोलीत हजर होती. फक्त मी नव्हतो.

बुधवारी बारा ग्रॅमचा उंदीर चिमट्याने धरला. तो ठेवून बाहेर जायला हवे होते, पण पाहायला आत थांबलो, एवढी एकच बेशिस्त केली. त्याने जीभ दोनदा बाहेर काढली. मग चिमट्याला हिसका बसला.

या वेळी मी शेठला हाक मारली नाही. गोधडी टाकली, कुलूप लावले आणि किल्ली स्वतःहून अक्काला दिली. आठ दिवस तिने ती सोडली नाही. उलटी झाली नाही. नंतर दर सहा दिवसांनी एक लहान उंदीर आणि दर रविवारी एकदाच वजन, असा नियम ठरला. तो मी आजतागायत मोडलेला नाही.

आषाढाच्या अखेरीस अजगराने कात टाकली आणि त्याचा रंग इतका उजळला, की शेठनी दुसरी हकिकत जन्माला घातली. "नाना, हा तो नाहीच. पहिला गेला, खरे सांगा." मी त्यांना घरात आणून मानेखालची खूण दाखवली. तिथे पिवळ्या डागात एक काळी रेघ नदीसारखी वळण घेते. मुलीने पाठवलेल्या जुन्या फोटोतही तीच रेघ, तेच वळण. शेठनी चष्मा पुसून दोन्ही पाहिले. म्हणाले, "हुशार आहात, सारख्या खुणेचाच आणला." अशा माणसाशी वाद घालण्यात मजा असते, म्हणून मी अजून घालतो.

नागपंचमीला अक्का पुन्हा आली. हातात लाह्या, हळद आणि दुधाची वाटी. तिच्यामागे गल्लीतल्या पाच-सहा बायका, कारण हकिकत सर्वांना पाठ होती. अजगर त्या रविवारी चारशे वीस ग्रॅम भरला होता.

मी कोठीच्या दारात उभा राहिलो आणि सर्वांसमोर बोललो. म्हणालो, हा दुधाने जगला नाही. साप दूध पीत नाही. मी याला जवळजवळ मारला होता, गार वाऱ्याने, आग्रहाने आणि काट्याने. अक्काने गोधडी टाकली, कुलूप लावले आणि मला बाहेर ठेवले. याला अक्कानेच वाचवले, पण कुलपाने.

मला वाटले होते, ती प्रसन्न होईल. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतःची चूक अशी चारचौघांत कधी कबूल केली नव्हती. अक्काच्या चेहऱ्यावर भर पंगतीत अपमान झाल्यासारखा भाव आला.

"कुलूप लायीसन कोन जगस रे?" ती म्हणाली. "दूध पिदं म्हनीसन वाचना तो. बठ्ठा गावले माहीत शे."

सगळ्या गावाला माहीत असल्याप्रमाणे बायका माना डोलावू लागल्या.

मी दुधाला आत जाऊ दिले नाही. अक्काने वाटी बंद दाराबाहेर, उंबरठ्याशी ठेवली. मी म्हणालो, ठेव, पण मोजून ठेव. शेठचा काटा आणला. वाटीसह दूध दोनशे दहा ग्रॅम. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. दिवसभर कुणी हात लावला नाही.

संध्याकाळी सर्वांसमोर वाटी पुन्हा काट्यावर चढली. दोनशे तीन.

"सात ग्रॅम!" शेठ दारातूनच ओरडले. त्यांना एवढा आनंद त्यांच्या दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नसावा.

"पिदं!" अक्का म्हणाली.

"आटले. हवेत विरले. उघड्या वाटीतले सगळेच आटते."

"श्रावणमा?"

मी कुलूप काढले, गोधडी उचलली. अजगर माठाकडच्या कोपऱ्यात वेटोळ्यात डोके खुपसून गाढ निजला होता. अक्का पहिल्यांदाच माझ्या खांद्याआडून वाकली, डोळे उघडे ठेवून. बराच वेळ ती पाहत राहिली. मग माझ्या हातातली गोधडी ओढून घेऊन तिने स्वतःच पेटीवर नीट पसरली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली मी दिली. सात ग्रॅम मी मान्य केलेले नाहीत.