आईचं स्पॅनिश
उकडलेल्या धानाचा वास आला की तुमसरच्या घरातली एक सकाळ आठवते. भाऊ स्पेनमध्ये नोकरीला होता, वहिनी तिथलीच. आई साठीनंतर मोबाईलवरून स्पॅनिश शिकली. भाजी निवडतानाही शब्द मोठ्याने म्हणायची. "आता कोणती परीक्षा देऊन राहिली?" बाबा चिडवायचे. "मले सुनेशी बोलाचं हाय, मंधात पोरगा कायले पाह्यजे?" ती म्हणायची. त्या सकाळी शेजारच्या भातगिरणीत उकडणाऱ्या धानाचा वास घरभर होता. वहिनीने फोनवर रडत सांगितलं, भाऊ अपघातात गेला. आम्हाला फक्त रडणं ऐकू आलं, आईला शब्दही कळले. तिने आधी सुनेला तिच्याच भाषेत धीर दिला, मग फोन ठेवला. "काय म्हणते पोरगी?" बाबांनी विचारलं. आई मराठीत बोलेपर्यंत किती वेळ गेला, हे मला आजही सांगता येत नाही.